गोंग यू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (आणि एकदोन मीच घुसडलेले)

लॉकडाऊनमध्ये कोरियन मालिकांचा नाद लागलेल्या आमच्या कंपूत नव्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. त्यातले निम्मे या एका नटाबद्दल. दरवेळी तेच टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो आहे. गोष्टींचे शेवट शक्यतो फोडलेले नाहीत. जिथे इलाज नव्हता तिथे आधी सांगितलं आहे.

गोंग यू म्हणजे कोण? नाव ऐकल्यासारखं वाटतंय, चेहरा डोळ्यांसमोर येत नाही.

‘स्क्विड गेम’ पाहिली असेल तर आठवेल. मेट्रो स्टेशनच्या बाकावर कर्जबाजारी नायकाशेजारी एक सुटाबुटातला माणूस येऊन बसतो, घडी घातलेल्या कागदाच्या चौकोनांचा खेळ मांडतो आणि नायक हरला की हसतमुखाने त्याच्या थोबाडीत मारतो. तो गोंग यू. पहिल्या सीझनमध्ये त्याच्या वाट्याला मिनिटं मोजकीच आहेत, पण थप्पड जगभर पोचली.

ती नसेल पाहिली तर ‘ट्रेन टु बुसान’मधला बाप. तोही नसेल तर ‘गॉब्लिन’. यातलं काहीच पाहिलेलं नसेल तर तुमचा हेवा वाटतो.

उच्चार नेमका काय? आणि हे खरं नाव आहे का?

‘गोंग यू’ असं लिहिलं तर चालतं. कोरियन लोक शब्दाच्या सुरुवातीचा ‘ग’ आपल्या ‘क’ आणि ‘ग’च्या मधोमध कुठेतरी उच्चारतात, त्यामुळे नीट कान दिला तर ‘कोंग यू’सारखंही ऐकू येतं. कुणी काहीही लिहिलं तरी वाद घालू नका.

खरं नाव गोंग जी-चॉल. जन्म 10 जुलै 1979, गाव बुसान. पडद्यावरचं नाव घेताना त्याने वडिलांचं आडनाव ‘गोंग’ आणि आईचं आडनाव ‘यू’ एकत्र केलं. कोरियात बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही, त्यामुळे आईकडे स्वतःचं आडनाव शिल्लक होतं, हा त्यातला बारकावा. शिवाय ‘गोंगयू’ या जोडशब्दाचा कोरियनमधला अर्थ ‘वाटून घेणे’, म्हणजे आपण फोनवर जे ‘शेअर’ करतो ते. त्याच्या चाहत्यांनी या कोटीचा पुरता चोथा केलेला आहे.

सुरुवात कशी झाली? घरातलं कुणी सिनेमात होतं का?

घराण्याची गोष्ट इथे नाही. क्यूंग ही विद्यापीठात नाट्य आणि चित्रपटाचं शिक्षण, 2000च्या सुमारास एका संगीत वाहिनीवर व्हीजे, म्हणजे गाण्यांच्या कार्यक्रमाचा निवेदक, मग 2001मध्ये केबीएस या कोरियन वाहिनीच्या ‘स्कूल 4’ या शाळकरी मुलांच्या मालिकेत पहिली भूमिका. पुढची पाच-सहा वर्षं म्हणजे नायकाचा मित्र, दुसरा नायक, श्रीमंताचा वाया गेलेला मुलगा, असं सगळं. 2003च्या ‘माय ट्यूटर फ्रेंड’ या गाजलेल्या सिनेमात तो आहे, पण शोधावा लागतो. 2005मध्ये ‘बिस्किट टीचर अँड स्टार कँडी’त सव्विसाव्या वर्षी शाळेच्या गणवेशात दिसतो. गोड आहे, पण पुढे हा माणूस काय करणार याची चुणूक मला तरी त्यात दिसली नाही.

‘कॉफी प्रिन्स’मध्ये एवढं काय आहे? इतकी जुनी मालिका आता पाहवते का?

पाहवते. कपडे आणि मोबाइल जुने वाटतात, बाकी नाही.

एमबीसी वाहिनीवर 2007च्या जुलै-ऑगस्टमध्ये तिचे 17 भाग दाखवले गेले. दिग्दर्शिका ली यून-जंग. गोष्ट सांगायला सोपी: धनाढ्य आजीचा लाडावलेला नातू चोई हान-ग्योल. आजी त्याच्यामागे कांदेपोह्यांचे कार्यक्रम लावते आणि तो ते उधळतो. त्यासाठी तो एका ‘मुला’ला पैसे देऊन स्वतःचा प्रियकर म्हणून उभा करतो. तो मुलगा खरं तर मुलगी आहे, गो उन-चान. घर चालवण्यासाठी पडेल ते काम करणारी, केस कापलेली, आणि लोक मुलगा समजतात तर समजू देत म्हणणारी. पुढे आजी नातवाच्या गळ्यात एक मोडकळीला आलेलं कॉफीचं दुकान मारते. तिथे नोकरीला फक्त पुरुष घ्यायचे असं ठरतं आणि उन-चान मुलगा म्हणूनच कामाला लागते.

मुलगी मुलाच्या वेषात, हा नाटकवाल्यांचा घासून गुळगुळीत झालेला डाव आहे. एरवी असा डाव वेळेवर उघडा पडतो आणि नायक सुटकेचा निःश्वास टाकतो. इथे हान-ग्योलला सत्य कळायच्या आतच प्रेम जडतं. आपण एका पुरुषाच्या प्रेमात पडलो आहोत असं समजून तो हादरतो, डॉक्टरकडे जातो, चिडतो, पळ काढतो आणि शेवटी येऊन सांगतो की तू मुलगा आहेस की परग्रहावरचा प्राणी, मला आता फरक पडत नाही. 2007 साली कोरियाच्या मोठ्या वाहिनीवर, घरातले सगळे एकत्र बसून पाहत असताना, लोकप्रिय होऊ घातलेल्या नायकाने हे बोलणं ही साधी गोष्ट नव्हती. आणि तो ते विनोदाने झाकत नाही. त्या प्रसंगात त्याचा चेहरा रडवेला, घाबरलेला आहे. नायकाने घाबरलेलं दिसणं, हे त्याचं भांडवल इथे पहिल्यांदा सापडलं असं माझं मत.

सोलच्या होंगदे भागातल्या ज्या दुकानात चित्रीकरण झालं तिथे नंतर पर्यटकांची रीघ लागली. नायकाच्या चुलतभावाच्या भूमिकेत ली सन-क्युन आहे, ‘पॅरासाइट’मधला श्रीमंत घरमालक. डिसेंबर 2023मध्ये तो गेला. त्यानंतर मालिका पुन्हा पाहिली तेव्हा त्याचे प्रसंग आले की मला थांबावं लागत होतं.

एवढं यश मिळाल्यावर तो गायब कुठे झाला?

लष्करात. कोरियातल्या धडधाकट पुरुषाला सक्तीची लष्करी सेवा चुकत नाही, आणि तेव्हा ती जवळपास दोन वर्षांची होती. ऑगस्ट 2007मध्ये मालिका संपली, जानेवारी 2008मध्ये हा भरती झाला आणि डिसेंबर 2009मध्ये सुटला. सेवेच्या काळात काही दिवस लष्कराच्या रेडिओवर निवेदनही केलं.

आपल्याकडे एखाद्या हिरोचा पहिला मोठा हिट आला आणि लगेच त्याला दोन वर्षं घरी बसवलं, अशी कल्पना करा. कोरियन नटांच्या पिढ्यान् पिढ्या या भीतीत जगल्या आहेत. लोक विसरतील, नवीन पोरं येतील. गोंग यूच्या बाबतीत मात्र ही दोन वर्षं उलटी पडली ती चांगल्या अर्थाने, कारण तिथे त्याने एक पुस्तक वाचलं. त्याबद्दल खाली येतंच आहे.

त्याने भारतात शूटिंग केलंय हे खरं की व्हॉट्सअ‍ॅपवरचं?

सिनेमा खरा आहे. 2010चा ‘फाइंडिंग मिस्टर डेस्टिनी’, लष्करातून परतल्यावरचा त्याचा पहिला. नायिका इम सू-जंग भारतात फिरायला आलेली असताना एकाच्या प्रेमात पडते, आणि वर्षांनंतरही तिच्या डोक्यातून तो जात नाही. लोकांची पहिली प्रेमं शोधून देण्याचा धंदा काढलेला गोंग यू तिला मदत करतो. भारतातले प्रसंग जोधपूरचे आहेत. निळी घरं, गल्ल्या, किल्ला. मूळची ही कोरियन रंगभूमीवरची संगीतिका. सिनेमा हलकाफुलका आहे, आणि आपल्या देशाकडे पाहण्याची नजर टिपिकल पर्यटकाची आहे. राग मानू नका. आपण स्वित्झर्लंडचं काय केलं ते आठवा.

‘सायलेन्स्ड’ खऱ्या घटनेवर आहे का? कायदा बदलला म्हणतात तो कसा?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो, म्हणून उत्तर सगळ्यात लांब देतो.

दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरात इन्ह्वा नावाची कर्णबधिर मुलांची निवासी शाळा होती. तिथले काही शिक्षक आणि खुद्द प्रशासनातले लोक मुलांवर वर्षानुवर्षं लैंगिक अत्याचार करत होते. 2005 साली प्रकरण बाहेर आलं, खटले झाले, शिक्षा मात्र किरकोळ झाल्या. लेखिका गोंग जी-यंग यांनी या घटनेवर कादंबरी लिहिली. ती 2009मध्ये आली. कोरियन नाव ‘दोगानी’, म्हणजे धातू वितळवायची मूस.

लष्करात असताना गोंग यूच्या हाती ही कादंबरी आली. वाचल्यावर यावर सिनेमा व्हायला हवा हे त्याने स्वतः पुढे होऊन मांडलं. ‘कॉफी प्रिन्स’मुळे ज्याच्या दारात प्रेमकथा रांग लावून उभ्या होत्या, त्या नटाने हे करावं! दिग्दर्शक मिळाला ह्वांग डोंग-ह्यूक. होय, तोच. दहा वर्षांनी ‘स्क्विड गेम’ करणारा.

सिनेमात गोंग यू कांग इन-हो या चित्रकला शिक्षकाचं काम करतो. पत्नी वारलेली, मुलगी आजारी, पैशाची चणचण. धुक्यात बुडालेल्या एका गावातल्या शाळेत तो रुजू होतो आणि पहिल्याच दिवसांत त्याच्याकडे नोकरीच्या बदल्यात पैसे मागितले जातात. इथपर्यंत आपल्याला काहीच परकं वाटत नाही. पुढे त्याला मुलांचं काय चाललंय ते कळतं. आणि तो लगेच वाघ होऊन उभा राहत नाही. तो कचरतो. नोकरी, मुलगी, आईचे शब्द, सगळं त्याच्या चेहऱ्यावर येऊन जातं. ते कचरणं इतकं ओळखीचं आहे की बघताना आपलीच मान खाली जाते.

22 सप्टेंबर 2011ला सिनेमा लागला. 46 लाखांहून अधिक लोकांनी तो तिकीट काढून पाहिला, तोही केवळ प्रौढांसाठी असं प्रमाणपत्र असताना. लोक चित्रपटगृहातून संतापूनच बाहेर पडले. पोलिसांनी जुनं प्रकरण पुन्हा उघडलं. ऑक्टोबरच्या अखेरीला संसदेत कायद्यात दुरुस्ती झाली: तेरा वर्षांखालची मुलं आणि अपंग स्त्रिया यांच्यावरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी खटला भरण्याची कालमर्यादा काढून टाकली, शिक्षाही वाढवली. लोक त्याला ‘दोगानी कायदा’च म्हणतात. शाळा बंद झाली. 2012मध्ये तिथल्या एका माजी प्रशासकीय अधिकाऱ्याला न्यायालयाने बारा वर्षांची शिक्षा सुनावली.

सिनेमाने समाज बदलतो का, यावर आपल्याकडे परिसंवाद भरतात. इथे तारखा आहेत: सप्टेंबरात प्रदर्शित, ऑक्टोबरात कायदा.

एक इशारा. हा सिनेमा पाहणं फार जड जातं. मुलांवरच्या हिंसेचे प्रसंग अस्वस्थ करणारे आहेत आणि काहींनी सिनेमावर त्यासाठी टीकाही केली आहे. रात्री एकटे असताना लावू नका.

‘बिग’ पाहू का?

नको. अगदीच पाहायची असेल तर त्याच्यासाठी पाहा: तिशीतल्या डॉक्टरच्या शरीरात अठरा वर्षांच्या पोराचा जीव, आणि ते पोरपण त्याने खांदे-मान-चालण्यातून छान आणलं आहे. 2012ची मालिका, केबीएस. शेवट पाहून चाहते जे चिडले ते अजून निवळलेले नाहीत. यानंतर साडेचार वर्षं तो मालिकांकडे फिरकला नाही.

मारामारीचं काही केलंय का त्याने?

2013चा ‘द सस्पेक्ट’. उत्तर कोरियाचा माजी हेर दक्षिणेत पळून आलेला, पोटासाठी बदली चालकाचं काम करणारा. (तिथे दारू प्यायलेला माणूस फोन करून चालक बोलावतो आणि तो त्याला त्याच्याच गाडीतून घरी सोडतो. आपल्याकडे ही सोय शनिवारी रात्री फार उपयोगी पडेल.) 41 लाख तिकिटं खपली. संवाद फारच कमी, धावपळ फारच जास्त. पाठलाग आवडणाऱ्यांनी जरूर पाहावा.

2016ला त्याचं वर्ष का म्हणतात?

फेब्रुवारीत ‘अ मॅन अँड अ वुमन’, जुलैमध्ये ‘ट्रेन टु बुसान’, सप्टेंबरमध्ये ‘द एज ऑफ शॅडोज’, डिसेंबरमध्ये ‘गॉब्लिन’. एरवी दोन कामांमध्ये वर्ष-दीड वर्ष घेणाऱ्या माणसाचं हे एकच वर्ष.

पहिला सिनेमा चालला नाही. फिनलंडच्या बर्फात भेटलेले दोन विवाहित कोरियन, समोर जन दो-यॉनसारखी जबरदस्त नटी. फार थंड, फार संथ, आणि मला फार आवडणारा. बाकी तिघांबद्दल स्वतंत्रपणे.

‘ट्रेन टु बुसान’ भुताचा आहे का? मला असलं बघवत नाही.

झोंबींचा आहे. मेलेली माणसं उठून जिवंतांना चावतात, चावलेले पुन्हा तसेच होतात. रक्त आहे, पण किळसवाणं म्हणावं इतकं नाही.

सोलहून बुसानला निघालेली जलदगती रेल्वे. अंतर साधारण मुंबई ते कोल्हापूर एवढं, आणि ती गाडी ते अडीच-तीन तासांत कापते. गोंग यूचा सोक-वू हा गुंतवणूक कंपनीतला फंड मॅनेजर. बायको वेगळी राहते, बुसानला. घरी छोटी मुलगी सू-आन. मुलीच्या वाढदिवसाला बाप व्हिडिओ गेमचं यंत्र आणतो आणि पोरीचा चेहरा पाहून त्याला कळत नाही की काय चुकलं. चुकलं हे की तेच यंत्र त्याने आधीच बालदिनाला दिलेलं असतं, ते खोलीत पडलेलं आहे. त्या एका प्रसंगात दिग्दर्शक योन सांग-होने अख्खा बाप सांगून टाकला आहे. पुढे गाडीत मुलगी एका म्हातारीला जागा द्यायला उठते, तर हा तिला शिकवतो की अशा वेळी आधी स्वतःचं बघायचं.

मग दोन तास सिनेमा त्याला ते वाक्य परत गिळायला लावतो. झोंबी निमित्तमात्र.

योन सांग-हो मूळचा ॲनिमेशनवाला, माणसांचे अभिनेते घेऊन केलेला त्याचा हा पहिलाच सिनेमा. मे 2016मध्ये कान महोत्सवात मध्यरात्रीच्या खेळात दाखवला, जुलैमध्ये कोरियात लागला आणि 1 कोटी 15 लाखांहून अधिक तिकिटं गेली. कोरियात यश पैशांपेक्षा तिकिटांत मोजतात. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास, त्यावरून अंदाज घ्या. सोबत मा डोंग-सोक, जो गरोदर बायकोसाठी नुसत्या हातांनी झोंबी झोडतो आणि सिनेमा जवळजवळ पळवून नेतो. गोंग यूने ते होऊ दिलं, हे मला विशेष वाटतं. कुठल्याही चौकटीत तो स्वतःला मा डोंग-सोकपेक्षा शूर दिसू देत नाही.

‘पेनिन्सुला’ या पुढच्या भागात तो नाही. का नाही, हे पहिला भाग पाहिल्यावर विचारणार नाही तुम्ही.

गोव्याच्या महोत्सवात त्याचा सिनेमा होता म्हणे?

होता, तोही समारोपाला. नोव्हेंबर 2016च्या इफ्फीत दक्षिण कोरियावर खास भर होता आणि पणजीत महोत्सवाचा पडदा ‘द एज ऑफ शॅडोज’ने पडला. दिग्दर्शक किम जी-वून. काळ 1920च्या दशकातला, कोरियावर जपानचं राज्य. गोंग यू क्रांतिकारकांच्या गटातला, शांघायहून स्फोटकं सोलला आणणारा. समोर साँग कांग-हो, जपान्यांच्या पोलिसात नोकरी करणारा कोरियन. दोघे एकमेकांना फितवू पाहतात आणि दोघांनाही ते ठाऊक असतं. मधला मोठा भाग पुन्हा रेल्वेतच घडतो. एकाच वर्षात दोन गाड्या! 75 लाख प्रेक्षक आणि ऑस्करसाठी कोरियाची अधिकृत प्रवेशिका. ‘झोंबी नको’ म्हणणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी.

‘गॉब्लिन’ म्हणजे नक्की काय? भूत, देव की राक्षस?

मूळ शब्द ‘दोक्केबी’. कोरियन लोककथांतला हा प्राणी माणसाच्या भुतापेक्षा वेगळा असतो. जुन्या वापरातल्या वस्तूंतून, म्हणजे रक्त लागलेल्या केरसुणीतून वगैरे तो जन्मतो. खोड्या काढतो, वाटसरूला कुस्तीचं आव्हान देतो, कुट्टूच्या पिठाची वडी त्याला प्रिय, आणि मर्जी बसली तर माणसाला मालामाल करतो. कोकणातल्या वाचकांना देवचार आठवला असेल. मलाही आठवला. नीट वागलात तर राखण करणार, नाही तर रात्रभर रानात फिरवणार, त्याच जातकुळीतला.

लेखिका किम उन-सूक यांनी या खोडकर दोक्केबीला एक शोकांतिका दिली. किम शिन हा गोर्यो या कोरियातल्या जुन्या राजवटीच्या काळातला सेनापती. तरुण, मत्सरी राजाने त्याला मारवलं. छातीत तलवार रुतलेली तशीच ठेवून त्याला अमरत्व मिळालं, शाप आणि वर एकाच पुडीत. 939 वर्षं तो जगतो आहे, माणसं येतात, मरतात. ती तलवार फक्त त्याची वधू उपसू शकते. उपसली की तो संपणार. वधू म्हणून येते जी उन-ताक (किम गो-उन), भुतं दिसणारी अनाथ शाळकरी मुलगी, जिने मेणबत्ती विझवली की हा जिथे असेल तिथून तिच्यासमोर हजर. त्याच्या घरात भाडेकरू म्हणून राहतो यमदूत (ली डोंग-वूक), काळी टोपी घालून कार्यालयीन कामासारखे मृत्यू उरकणारा.

टीव्हीएन वाहिनीवर 2 डिसेंबर 2016 ते 21 जानेवारी 2017 असे 16 भाग. शेवटच्या भागाने 20 टक्क्यांची रेष ओलांडली. केबल वाहिनीवरच्या मालिकेला तोवर ते जमलं नव्हतं. 2017च्या बेकसांग या कोरियन पुरस्कारांत गोंग यूला मालिकेतील सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि लेखिकेला सर्वोच्च मान मिळाला. गंमत म्हणजे किम उन-सूक त्याला बरीच वर्षं विचारत होत्या आणि तो नाही म्हणत होता.

गांगन्यूंगजवळच्या जुमुनजिन किनाऱ्यावरचा जो धक्का मालिकेत दिसतो, तिथे लोक लाल मफलर गुंडाळून फोटो काढायला रांगेत उभे राहतात.

नायिका त्याला ‘काका’ म्हणते हे खरं का?

‘आजॉश्शी’ म्हणते, आणि त्याचा अर्थ काकाच. इंग्रजी सबटायटल्समध्ये त्याचा ‘मिस्टर’ होतो, म्हणून आपल्याला धक्का बसत नाही. ‘ओप्पा’चाही हिशेब तोच: बाईने मोठ्या भावाला म्हणायचा शब्द, आणि प्रियकरालाही तोच. म्हणजे आपल्या मुली ज्याला ‘गोंग यू ओप्पा’ म्हणतात त्याला त्या ‘गोंग यू दादा’ म्हणत आहेत. हे सांगितल्यावर माझ्या मामेबहिणीने मला दोन दिवस ब्लॉक केलं होतं.

नात्याच्या शब्दांपलीकडचा आक्षेप मात्र खरा आहे. सुरुवातीला ती शाळेत आहे आणि तो दिसायला चाळिशीकडे झुकलेला. कोरियातही यावर बोललं गेलं. मला विचाराल तर पहिल्या काही भागांत ते खटकतं. मालिका ते खटकणं पूर्णपणे पुसू शकत नाही, आणि यमदूताबरोबरची त्याची जोडी तिच्याबरोबरच्या जोडीपेक्षा जास्त रंगते.

‘किम जी-यंग, बॉर्न 1982’वरून एवढा गदारोळ का झाला?

चो नाम-जू यांच्या 2016च्या कादंबरीवरचा हा 2019चा सिनेमा. दिग्दर्शिका किम दो-यंग. एक साधी बाई, नोकरी सोडून मूल सांभाळणारी, हळूहळू मनाने ढासळते आणि मधूनच आईच्या, आजीच्या आवाजात बोलू लागते. कोरियात ही कादंबरी वाचल्याचं नुसतं सांगितलं तरी नट्यांवर पुरुषांच्या झुंडी तुटून पडत होत्या. नायिका जंग यू-मी हिची निवड जाहीर झाल्यावर तिच्यावर शिव्यांचा पाऊस पडला.

अशा सिनेमात गोंग यूने नवऱ्याची दुय्यम भूमिका घेतली. नवरा दुष्ट नाही, उलट चांगला आहे. सणाला सासरी बायको राबते तेव्हा त्याला दिसतं, वाईट वाटतं, आणि मदत करायला गेला की आईचा चेहरा पाहून गोंधळ वाढतो. गणपतीत आपल्या घरी हा प्रसंग कुणी पाहिलेला नाही त्याने हात वर करावा. चांगल्या नवऱ्याचाही चांगुलपणा कुठे अपुरा पडतो हे दाखवायला प्रेक्षकांचा लाडका चेहराच लागतो, खलनायकी चेहऱ्याने ते काम झालं नसतं. 36 लाखांवर लोकांनी पाहिला.

जंग यू-मी ‘सायलेन्स्ड’ आणि ‘ट्रेन टु बुसान’मध्येही आहे. तीन सिनेमे, आणि दोघे नवरा-बायको फक्त यात.

‘स्क्विड गेम’च्या दुसऱ्या सीझनमध्ये त्याचं काम वाढलंय का?

हो. 26 डिसेंबर 2024ला आलेल्या सीझनचा पहिला भाग जवळजवळ त्याचाच. बागेतल्या बेघर लोकांसमोर तो पाव आणि लॉटरीचं तिकीट धरतो, दोन्हींपैकी एकच घ्या म्हणतो. बहुतेक जण लॉटरी निवडतात. उरलेले पाव तो जमिनीवर ओततो आणि बुटांनी तुडवतो. चेहऱ्यावर राग नाही, एक प्रकारची शिस्त आहे. वीस वर्षं ज्या हसण्यावर लोक भाळले, तेच हसू त्याने इथे किळस यावी म्हणून वापरलं आहे.

अलीकडची बाकीची कामं?

‘सेओबोक’ (2021): मरणाच्या दारातला माजी गुप्तहेर आणि कधीच न मरणारा क्लोन, म्हणजे पार्क बो-गम. कल्पना मोठी, पटकथा लंगडी. ‘द सायलेंट सी’ (डिसेंबर 2021): पृथ्वीवर पाणी आटलंय, चंद्रावरच्या बंद तळावर एक तुकडी जाते. आठ भाग, बे दू-ना उत्तम, मधले दोन भाग रेंगाळतात. ‘वंडरलँड’ (2024) मध्ये छोटी भूमिका. ‘द ट्रंक’ (नोव्हेंबर 2024): कराराने लग्न लावून देणारी कंपनी, तळ्यात सापडलेली पेटी, समोर सो ह्यून-जिन. जखमी, झोप हरवलेल्या माणसाचं काम त्याने इतकं आवाज न करता केलंय की ज्यांना ‘गॉब्लिन’ हवा होता ते कंटाळले. नोह ही-क्योंग यांच्या लेखणीतून येणारी, साँग हे-क्योबरोबरची मालिकाही जाहीर झालेली आहे.

तो इतकं कमी काम का करतो?

मोजून पाहा: ‘कॉफी प्रिन्स’नंतरच्या सतरा वर्षांत ज्यांत तो नायक आहे अशा मालिका चार. ‘बिग’, ‘गॉब्लिन’, ‘द सायलेंट सी’, ‘द ट्रंक’. एवढ्या वेळात आपल्याकडचा नट एकाच मालिकेत तीन वेळा लग्न करून मोकळा होतो.

कारण माझ्या परीने सांगतो. त्याच्या चांगल्या भूमिका एका ओळीत लावल्या तर एकच माणूस दिसतो: ज्याला योग्य काय ते कळतं, पण करायला उशीर होतो. चित्रकला शिक्षक, फंड मॅनेजर बाप, चांगला नवरा, नऊशे वर्षं पस्तावणारा सेनापती. अशा भूमिका वर्षाला तीन मिळत नाहीत. मधल्या काळात खर्चापाण्याची सोय कॉफी करते. ‘कानू’ या इन्स्टंट कॉफीच्या जाहिरातीत तो 2011पासून आहे, आणि ‘कॉफी प्रिन्स’ने कॉफीच विकावी यात कुणाला काही वावगं वाटलेलं नाही.

लग्न झालंय का?

नाही. अफवा दर दोन वर्षांनी उठतात, त्याचं काम बघणारी कंपनी खुलासा करते, पुन्हा उठतात. पुढचा प्रश्न.

मराठीत आहे का काही? निदान हिंदीत?

मराठीत नाही. ‘स्क्विड गेम’ हिंदीत आहे. बाकी जे हिंदीत मिळेल ते बघा, पण एक भाग तरी मूळ आवाजात सबटायटल्ससह पाहा. त्याचा आवाज खोल आहे, आणि वाक्याच्या शेवटी तो जो थांबतो ते डबिंगमध्ये हटकून भरून टाकलेलं असतं. कोरियन वाक्यात क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, त्यामुळे चारपाच भागांनंतर कान सरावतो.

आईबाबांबरोबर काय लावू?

बाबांना ‘द एज ऑफ शॅडोज’. आईला ‘किम जी-यंग’, पण बाबा शेजारी बसलेले हवेत. आजी असतील तर ‘गॉब्लिन’. भुतं, पुनर्जन्म, शाप, वर, यमदूत, यातलं काहीही त्यांना समजावून सांगावं लागत नाही. आमच्या आजीने दुसऱ्याच भागात विचारलं होतं, तलवार उपसायला त्या पोरीची एवढी घाई कशाला, आधी घर नावावर करून घेऊ दे.